सेकंडहँड पिकअप आणि डोंगरातला मुक्काम: गॅरेजच्या आधी काटा

तुमचा प्रश्न असा: २०१८ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस घेतली आहे, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली. राहता पुण्यात वारज्याला. तुम्ही, मिसेस आणि नऊ वर्षांची मुलगी. शनिवार-रविवार सह्याद्रीत मुक्काम करायचा आणि पुढच्या मे महिन्यात हिमाचलमधल्या स्पितीला जायचं. चार लाख बाजूला काढलेत. यादीत गाडी उंच करायचं लिफ्ट किट, मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच (फसलेली गाडी ओढायची मोटर), स्नॉर्केल (इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारी नळी), टपावरचा तंबू, फ्रिज आणि दुसरी बॅटरी आहे. यातलं आधी काय करावं?

अठरा वर्षं मी याच गाड्यांखाली झोपून काम करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. यादीला अजून हात लावू नका. आधी गाडी काट्यावर न्या.

मार्केट यार्ड, भोसरी, चाकण, कुठल्याही भागात ट्रक मोजणारा काटा सापडेल. डिझेलची टाकी फुल करा, स्टेपनी आणि जॅक जागेवर ठेवा, बाकी गाडी रिकामी. आधी फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घेऊन वजन करायला सांगा, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या आसावरचं, म्हणजे ॲक्सलवरचं, वजन कळतं. पावती जपून ठेवा. आता आरसी काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, असे दोन आकडे असतात. कमाल वजनातून काट्यावरचं वजन वजा केलं की जे उरतं, तेवढंच तुमच्या हातात आहे. त्यात माणसंही आली. याच जातीची मालवाहू गाडी टनभर माल नेते, म्हणून आपली पाच सीटची गाडीही नेईल असं धरून चालू नका. आरसीवरचा आकडा बघितल्यावर बरेच मालक गप्प होतात.

आता तुमची यादी मोजू. लोखंडी बंपर पन्नास किलो. स्टील रोपची विंच चाळीस. तंबू साठ, त्याखालचा रॅक तीस. भरलेला फ्रिज चाळीस. शंभर अँपिअर-तासांची साधी लेड बॅटरी अठ्ठावीस. प्लायवूडचे ड्रॉवर साठ. अठरा मिलिमीटरचं आठ बाय चारचं एक शीटच पस्तीस किलोच्या आसपास भरतं. पाणी चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. कपडे, भांडी, शेगडी, धान्य, हत्यारं मिळून साठ. झाले चारशे आठ किलो. त्यात तुम्ही तिघं, दीडशेच्या वर. साडेपाचशे किलो झाले आणि गाडी अजून पार्किंगमधून हललेलीही नाही.

हे मी भोगलंय. काही वर्षांपूर्वी मी माझी स्वतःची पिकअप अशीच भरली होती. केळदहून मढे घाटाकडे जाताना एका खड्ड्यात मागून बंदुकीसारखा आवाज आला. उतरून पाहिलं तर डाव्या बाजूचा मुख्य पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंगची मोठी पात, सेंटर बोल्टपाशी दोन तुकडे झालेला, आस मागे सरकलेला आणि टायर हौद्याच्या पत्र्याला घासतोय. तुटलेला तुकडा हातात घेतला. त्याचा अर्धा भाग चकचकीत करडा होता, नुकताच तुटलेला. उरलेला अर्धा तांबडा-काळा, गंजलेला. म्हणजे चीर आधीपासूनच होती, कित्येक महिन्यांपासून, आणि मी दर आठवड्याला वरून सामान चढवत होतो. लाकडाचा ठोकळा आणि साखळदंड बांधून वेल्ह्यापर्यंत यायला तीन तास लागले. तेव्हापासून काट्याची पावती बघितल्याशिवाय मी कुणाच्या गाडीला साधा रॅकही बसवत नाही.

म्हणून चारातला दीड लाख गाडीच्या खालच्या कामाला ठेवा. गॅरेजच्या लिफ्टवर गाडी चढवा आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली जा. पाट्यांची प्रत्येक पात बोटाने चाचपून बघा, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टपाशी विशेष. बुश फुटलेत का, पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का, हे पाहा. चासीवर केबिन आणि हौदा यांच्यामधल्या जागेत घाण धुऊन बघा, तिथे चीर पडते. केसाएवढी तांबडी रेघ दिसली तरी थांबा. कोकणात राहिलेली गाडी असेल तर चासीच्या आतल्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. खारी हवा आतून खाते.

मग क्राऊनचं, म्हणजे आसाच्या मध्यातल्या गिअरच्या गोळ्याचं, बूच उघडा. आधी वरचं, तेल भरायचं. ते निघतंय याची खात्री झाल्यावरच खालचं. तेल काळं आलं तर काही बिघडत नाही, बदलायचंच आहे. दुधाच्या चहासारखं आलं तर आत पाणी गेलंय. आधीच्या मालकाने गाडी ओढ्यात घातली होती आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. बुचाच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप जमलेला दिसेल. बोटांत चोळून पाहा. काजळासारखा मऊ असेल तर ती रोजची झीज. कपची किंवा सुईसारखं काही बोटाला टोचलं तर बेरिंग नाहीतर दात चाललेत, आणि बाकी सगळं सोडून आधी ते काम. पुढचा क्राऊन आणि ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद पाठवणारी गिअरची पेटी) यांचीही हीच तपासणी.

फोर-व्हील लागतं का हे मोकळ्या मातीच्या जागेत बघा, डांबरावर नको. आपल्या गाड्यांना मधला डिफरेन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-एच (नेहमीच्या वेगाचं फोर-व्हील) लावून वळलं की सगळा पीळ गिअरांवर येतो. शहरात वापरलेल्या कित्येक पिकअपमध्ये फोर-व्हीलची खटकी वर्षानुवर्षं फिरवलेलीच नसते, आणि नेमकं चिखलात कळतं की पुढची चाकं फिरतच नाहीत. फोर-एल, म्हणजे कमी वेगाचं जास्त ताकदीचं फोर-व्हील, गाडी थांबवून, न्यूट्रलला घेऊन लावायचं. लागलं की पहिल्या गिअरमध्ये ब्रेक न दाबता उतारावरून गाडी सोडून बघा. इंजिनानेच धरली पाहिजे.

आता टायर. तुमच्या यादीतली खरोखर पैसे वसूल करणारी गोष्ट हीच. पण मोठे नकोत. कंपनीने दिलेल्याच मापाचे, चांगले ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींचे, घ्या. चिखलाचे मड-टेरेन डांबरावर गुणगुणतात, ओल्या घाटात घसरतात, आणि तुमचं नव्वद टक्के चालवणं डांबरावरच होणार आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, बदला. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको.

टायरपेक्षाही जास्त काम करते ती हवा. रस्त्यावर बत्तीस-पस्तीस पीएसआय, भरलेली असेल तर मागे थोडी जास्त. दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेवर सव्वीस-अठ्ठावीस, चिखलात बावीस-चोवीस, वाळूत सोळा-अठरा. त्याखाली नको, कारण वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त धरतो आणि दगडावर फाटण्याऐवजी दबतो. वेग मात्र ताशी तीस-चाळीसच्या खाली ठेवा आणि डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरा. यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावायचा चांगला कॉम्प्रेसर घ्या; सिगारेट लायटरवरचा छोटा पंप एवढ्या टायरला पुरत नाही. जे लिफ्ट किटकडून अपेक्षित असतं, त्यातलं निम्मं काम हा कॉम्प्रेसर करतो.

आणि लिफ्टबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. मागे आपल्याला अखंड आस आहे. त्याच्या मध्यातला क्राऊनचा गोळा ही मागची सर्वांत खालची जागा. दोन इंचांच्या लिफ्टने हौदा वर जातो, चासी वर जाते, गोळा तिथेच राहतो. तो फक्त टायरच्या त्रिज्येने उचलला जातो. पुढे मात्र लिफ्टमुळे ॲक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि बूट लवकर फाटतात. तुमच्यासाठी मला योग्य वाटतं ते एवढंच: चांगले शॉक ॲब्सॉर्बर, आणि नेहमीच्या वजनाला साजेसे बांधलेले पाटे. त्यातून गाडी जेवढी उचलेल तेवढी पुरे. पाटे जास्त कडक केले तर रिकामी गाडी वरंध्याच्या ओल्या वळणावर मागून उड्या मारते. पिकअपची मागची बाजू तशीही हलकी असते.

लोखंडी बंपर नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड-बुल बारवर बंदीचे आदेश दिले, आणि ते योग्यच होतं. पादचाऱ्याला तो जीवघेणा ठरतो आणि एअरबॅगच्या वेळेचं गणित बिघडवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. त्यामुळे चासीला वेल्डिंग, कापाकापी, छिद्रं पाडणं हे कायद्याने नको आणि लोखंडाच्या दृष्टीनेही नको; वेल्डिंगच्या टाक्याशेजारीच पुढे चीर जाते. बोल्टने बसणारं आणि काढता येणारं सामान ठेवा. जे कायम बसवाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर पहिली नजर त्यावरच टाकतो.

विंचही पहिल्या वर्षी नको. तिच्याऐवजी दुसरी गाडी सोबत घ्या. एकट्या गाडीने, लहान मुलीला घेऊन, कच्च्या वाटेला लागू नका. सोबत एक कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, तो अडकवायला दोन सॉफ्ट शॅकल, चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड, दणकट फावडं, आणि जॅकखाली ठेवायला सागाची जाड फळी. टोचन करताना, म्हणजे फसलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढताना, दोर फक्त चासीला बोल्ट केलेल्या, वजनाचा आकडा छापलेल्या हुकात अडकवायचा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही. ताणलेल्या दोरासकट तो गोळा तुटून काचेतून आत येतो, माणसं मेली आहेत त्याने. टोचन चालू असताना मुलीला दोराच्या दुप्पट लांबीएवढं दूर आणि बाजूला उभं करा.

पुण्याच्या आसपास गाडी फसते ती बहुतेक धरणाच्या काठावर. पानशेत, भाटघर, मुळशी, सगळीकडे गोष्ट तीच. फेब्रुवारीनंतर पाणी मागे जातं, गाळ उघडा पडतो, वरून वाळून त्याला भेगा पडतात आणि मैदानासारखा दिसतो. वरची पापडी चार बोटं, खाली लोणी. माणूस चालतो तेव्हा काही होत नाही, दोन टनांची गाडी आत जाते. काठाला जायचंच असेल तर आधी पायी जा आणि टाच जोरात आपटून बघा. पोकळ, धप्प असा आवाज आला तर गाडी वरच्या मुरमावरच ठेवा. फसलीच तर रेस देऊ नका, चाक खड्डा खणत जातं. उतरा, हवा अठरावर आणा, चाकापुढचा आणि क्राऊनखालचा गाळ फावड्याने काढा, बोर्ड चाकाखाली अगदी खेटून सारा, आणि फोर-एलमध्ये दुसऱ्या गिअरला हळूच उचला. दहापैकी आठ वेळा गाडी निघते.

स्नॉर्केलचे पैसे वाचवा. इंजिनात पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, ही भीती खरी आहे. पण छातीएवढ्या पाण्यात जायचं कारणच काय? त्याऐवजी दोन्ही क्राऊन आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या, नळ्या लांब करून बोनेटखाली उंच बांधा. गरम क्राऊन थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि नळी पाण्यात असेल तर पाणी ओढून घेते. तो मघाचा दुधाळ चहा असाच तयार होतो. काम स्वस्त आहे, अर्ध्या दिवसाचं. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर मात्र स्नॉर्केल असो-नसो, अलीकडेच थांबा. दोन फूट वाहतं पाणी पिकअप उचलून नेतं. पावसाळ्यात दर वर्षी कुणाचं तरी घर त्याने उद्ध्वस्त होतं, म्हणून इथे मी ऐकून घेत नाही.

आता झोपायचं. टपावरचा तंबू फोटोत फार छान दिसतो, पण तुमच्यासाठी मी नको म्हणेन. रॅक धरून नव्वद किलो, तेही सर्वांत उंचावर. ताम्हिणीच्या वळणात ते वजन गाडीला बाहेर खेचतं. दुसरं, तुमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची उंची टेपने मोजून बघा. तिथली तुळई आणि पाइप यांतून तंबूसकट गाडी आत जाणार नाही अशी बरीच शक्यता आहे. तिसरं, नऊ वर्षांच्या मुलीला रात्री दोनला लघवीला जायचं असतं, आणि दवाने ओली झालेली ॲल्युमिनियमची शिडी अंधारात उतरणं तिला आणि आईलाही जड जातं. जमिनीवरचा चौघांचा चांगला तंबू पाच-सहा किलोंचा येतो. त्यावर ओढायला जाड ताडपत्री बोहरी आळीतून मापाची शिवून घ्या, कडांना पितळी रिंगा मारून. परत आल्यावर तंबू त्याच दिवशी गॅलरीत वाळत घाला. ओला गुंडाळून ठेवला तर दोन दिवसांत बुरशी धरतो आणि तो वास जात नाही.

हौद्यात झोपायची कल्पना असेल तर मोजमाप आधी. डबल कॅबचा हौदा साधारण दीड मीटर लांब. तुम्ही सरळ झोपणार नाही. फाळका (हौद्याचं मागचं दार) आडवा उघडला की अर्धा मीटर मिळतो, पण मग मागून कॅनव्हासची झडप शिवावी लागते. एका-दोघांना ते जमतं, तिघांना नाही. हौद्यावर हलकी फायबरची कॅनोपी मात्र घ्या, सामान कोरडं आणि कुलपात राहील. तिच्यात एक अडचण आहे जी विकणारा सांगत नाही. धावत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत खेचली जाते. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर तासभर गेलो की तांदळाच्या डब्याच्या झाकणावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी लाल पूड जमते. फाळक्याच्या तिन्ही कडांना आणि खालच्या बिजागरीच्या फटीला पोकळ रबरी बीडिंग लावा. ड्रॉवरऐवजी झाकणाचे प्लॅस्टिकचे खोके, खाली रबरी मॅट, वरून रॅचेट पट्टे. जड खोका आणि पाणी केबिनला चिकटून, आसाच्या पुढे. मागच्या आसाच्या मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं.

वीज. दोन रात्रींसाठी फ्रिज नको, जाड भिंतीची आइसबॉक्स आणि घरून गोठवून नेलेल्या पाण्याच्या बाटल्या पुरतात. बर्फ वितळला की तेच प्यायला. स्पितीसाठी फ्रिज हवाच असेल तर हिशेब असा: चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-तास खातो. शंभरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन दिवस ओढते, वजन बारा-तेरा किलो. लेडची तेवढीच बॅटरी दुपटीहून जड आणि तिचं निम्मंच वापरता येतं. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून स्पितीतल्या काझाला ती केबिनमध्ये ठेवा. चार्जिंग डीसी-डीसी चार्जरमधूनच, म्हणजे गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी नीट भरणाऱ्या चार्जरमधून. आणि फ्यूज बॅटरीपासून फूटभराच्या आत, दोन्ही बॅटऱ्यांच्या बाजूला. एका गाडीत मी पाहिलं, आधीच्या फिटरने जाड लाल वायर पत्र्याच्या उघड्या भोकातून, रबर न घालता, ओढली होती. पत्र्याच्या धारेने वरचं आवरण निम्मं कापलं होतं आणि आतलं तांबं चमकत होतं. फ्यूज होता तो दुसऱ्या टोकाला, फ्रिजजवळ. अजून एक पावसाळा गेला असता तर ती गाडी रस्त्यात जळाली असती. दोन किलोचं पावडरचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला येईल असं लावा. शेगडी तंबूत किंवा कॅनोपीत कधीच पेटवू नका, थंडी कितीही असो.

स्पितीबद्दल थोडक्यात. मे महिन्यात मनालीकडून कुंझुम खिंड बहुधा बंदच असते, म्हणून किन्नौरकडून जा. ते मुलीसाठीही बरं, उंची हळूहळू वाढते. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. त्या रस्त्याला ना विंच लागते ना स्नॉर्केल. लागतात ते चांगले ब्रेक, धड कूलंट, दोन स्टेपन्या आणि भरपूर रिकामे दिवस.

मुक्काम कुठे, हेही विचारलं होतं. वनखात्याच्या जागेत आणि ताम्हिणी, कोयना, भीमाशंकरसारख्या अभयारण्यांत परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. वेल्हे, भोर, मुळशी भागात शेतकऱ्याला विचारून, पैसे देऊन, त्याच्या पडीक रानात उतरा. पाणी, वाट, सापाचा सुकाळ कुठे, सगळं तो सांगतो. आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, गाडी घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. कातळावर मातीचा थर जेमतेम वितीचा, त्यात पावसाळी फुलांचे कंद आणि बिया झोपलेल्या असतात. ओल्या सड्यावरून एकदा चाक गेलं की तो चर वर्षानुवर्षं राहतो.

तर क्रम असा धरा: काटा, खालची तपासणी आणि सगळी तेलं, टायर-कॉम्प्रेसर, टोचनचं सामान, कॅनोपी, तंबू. पाटे आणि शॉक यांना आता हात लावू नका. एवढं झालं की पानशेतच्या पलीकडे एखाद्या ओळखीच्या रानात एक रात्र राहून या, सगळं सामान आणि तिघं जण घेऊन, आणि जातानाच भरलेली गाडी पुन्हा काट्यावर घ्या, तशीच पुढची चाकं आधी. मागच्या आसाचे रिकामे आणि भरलेले असे दोन आकडे हातात आले की दोन्ही पावत्या पाटेवाल्यापुढे ठेवा. किती पाती घालायच्या आणि किती कमान द्यायची, हे तो त्यावरून ठरवेल.